आयएसओ शंभरचं सोवळं

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या युनिटमधल्या एका नाईकानं मला फोटो पाठवला. बाराखान्याचा. तंबूत दोन ट्यूबलाइट, मधोमध पाच-सहा जवान नाचतायत आणि सगळ्यांचे चेहरे पुसलेल्या पाटीसारखे. कोण कोण आहे ते त्याला विचारावं लागलं. खाली पोराचा निरोप होता : "साहेब, आयएसओ शंभरच ठेवला होता. तरी फोटो खराब का आला?"

त्या "शंभरच"मधला "च" वाचून मी कपाळावर हात मारला. एखाद्यानं अभिमानानं सांगावं, मी कांदा-लसूण खात नाही, तसा तो "च" होता. हे सोवळं या पोरापर्यंत कुणी पोहोचवलं ते मला नेमकं माहीत आहे, कारण मीही एकेकाळी तेच पाळत होतो. त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली. म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. रागावू नका.

मी कॅमेरा घेतला २०१२ साली. १८-५५ची किट लेन्स लावलेला साधा डीएसएलआर. रजेवर असताना एका शहरात रविवारची कार्यशाळा केली. शिकवणारे गृहस्थ भले होते, हातात भारी कॅमेरा होता. त्यांनी आयएसओवर जेमतेम पाच मिनिटं घालवली आणि एक मंत्र दिला : शंभरच्या वर गेलात की फोटो मेला. मग पडद्यावर एका चेहऱ्याचा कान इतका मोठा करून दाखवला की त्यावरचे रंगीत दाणे मोहरीएवढे दिसले. वर्गभर "अरे बापरे" झालं. मी वहीत लिहून घेतलं. फौजी माणूस. उस्तादानं सांगितलं की पाळायचं, प्रश्न नंतर.

पुढच्या वर्षी आमची पोस्टिंग अरुणाचलमध्ये, बोमडिलाच्या पुढं कुठंतरी. याहून नेमकं सांगणार नाही आणि तुम्ही विचारणारही नाही. गणपती आले. मराठा माणूस देशाच्या कुठल्याही टोकाला असो, भाद्रपदात पत्र्याची का होईना एक शेड उभी राहते आणि तिच्यात मूर्ती बसते. तिकडं सूर्य आपल्याआधी मावळतो. सप्टेंबरात पाच-साडेपाचलाच दिवस संपतो, त्यामुळं संध्याकाळची आरती म्हणजे काळोखातली आरती. जनरेटरवर दोन पिवळे बल्ब, आरतीचं ताट, बाहेर पाऊस.

ढोलकीवर आमचे एक हवालदार होते. सातारा जिल्ह्यातले. बाकीच्या वेळी पीटी आणि फॉल-इनमध्ये असा चेहरा की समोरच्याचं पाणी व्हावं. पण ढोलकी मांडीवर आली की माणूस बदलायचा. मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, आणि असं हसू की आपल्यालाही विनाकारण हसायला यावं. त्या दहा दिवसांत मी त्यांचे साठ-सत्तर फोटो काढले. प्रसंगाचे फोटो काढायची मला परवानगी होती, वेळ होता, माणूस समोर दोन हातांवर होता. आयएसओ शंभर. अ‍ॅपर्चर एफ ३.५, लेन्स त्याहून उघडतच नव्हती. कॅमेरा म्हणाला, मग शटर १/५ सेकंद. मी म्हटलं ठीक आहे, रायफल धरून हात पक्का झालाय, श्वास रोखीन, ट्रिगरसारखं हळूच दाबीन.

हात पक्का होताच. मागची मूर्ती बऱ्यापैकी स्पष्ट आली आहे. पण एक पंचमांश सेकंदात ढोलकीवर थाप पडून हात परत वर येतो, मान हलते, ओठ हलतात. माझ्या श्वास रोखण्यानं त्यांचं डोकं कसं थांबणार? साठ-सत्तर फोटोंत मूर्ती आहे, ताट आहे, आणि ढोलकीमागं एक धुरकट आकृती आहे. दाणा मात्र एकही नाही. नितळ, स्वच्छ, शुद्ध धूसर.

हवालदार साहेब त्यानंतर दोन वर्षांनी पेन्शनवर गेले. पुढं तीनेक वर्षांत गावी, शेतातून येता येता छातीत कळ आली आणि संपलं. मी रजेवर आल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही तिकडं लई फोटो काढायचा म्हणं. ह्यांचा एखादा हसरा आसंल की." मी म्हणालो, बघतो. घरी येऊन हार्ड डिस्क तीन रात्री चाळली. शेवटी जे भिंतीवर लागलं तो ओळखपत्राचा मोठा केलेला फोटो. कडक कॉलर, ताठ मान, ओठ बंद. गावातल्या कुणी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

आता मला सांगा, दाणे आले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

हिशेब साधा आहे, तोफखान्यातल्या कुणालाही पाठ करायला पाच मिनिटं लागतील. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्मा होतो. १००ला १/५. २००ला १/१०. ४००ला १/२०, ८००ला १/४०, १६००ला १/८०, ३२००ला १/१६०. पाच पायऱ्या. १/१६०ला ढोलकीचा हात कदाचित थोडा हललेला दिसला असता, आणि तो तसा दिसायलाच हवा, पण चेहरा थांबला असता. ते हसू थांबलं असतं. माझ्या कॅमेऱ्यात ३२०० होतं. दोन बटणं दाबायची होती. मी दाबली नाहीत, कारण रविवारच्या एका वर्गात कुणाच्या तरी कानावर मला मोहऱ्या दाखवल्या होत्या.

आणि खरी गंमत पुढं आहे. दाणे आयएसओमुळं येतातच असं नाही. हे ऐकून काही मंडळी खवळतील, पण जरा थांबा.

पत्र्याच्या बराकीबाहेर फरशी आहे अशी कल्पना करा. पावसाचे पहिले थेंब पडतात. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात, तिसरी कोरडी. ढगानं काही पक्षपात केलेला नसतो, थेंबच कमी असतात. अर्धा तास पाऊस कोसळला की सगळ्या फरशा सारख्याच ओल्या. प्रकाश असाच थेंबाथेंबानं सेन्सरवर पडतो. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडायचे असतील तर इकडंतिकडं दहाएकाचा फरक होतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडायचे असतील तर फरक शंभराचा, म्हणजे फक्त एक टक्का. अंधारात फोटो दाणेदार दिसतो तो मुख्यतः यामुळं. प्रकाश कमी, थेंब कमी, फरशा वेगवेगळ्या. आयएसओ पाऊस पाडत नाही आणि अडवतही नाही. जो पाऊस पडला तो किती उजळ दाखवायचा, एवढंच तो ठरवतो.

सिग्नलवाल्या मित्रांना वेगळ्या भाषेत सांगतो. दूरचं स्टेशन खरखरत येतंय. तुम्ही आवाज वाढवला, खरखर मोठी झाली. म्हणून खरखर आवाजाच्या बटणानं केली असं तुम्ही म्हणता का? ती दुबळ्या सिग्नलची आहे.

यावर हुशार लोकांचं एक उत्तर ठरलेलं असतं : ठीक आहे, शटर १/१६०च ठेवा, पण आयएसओ शंभर ठेवून काळोखा फोटो काढा आणि घरी कॉम्प्युटरवर उजळा. फोटो "शुद्ध" राहील. अहो, शुद्ध कसला? प्रकाश तेवढाच आला, थेंब तेवढेच. वर कॅमेऱ्याच्या आतली यंत्रणा सेन्सरवरचा सिग्नल वाचून त्याचे आकडे करताना स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळते. आयएसओ वाढवला की बहुतेक कॅमेऱ्यांत सिग्नल त्या शेवटच्या टप्प्याच्या आधीच मोठा केला जातो आणि ही उशिराची खरखर त्याच्यापुढं लहान पडते. आयएसओ शंभर ठेवून नंतर उजळलात तर सिग्नलबरोबर तीही मोठी होते. आजच्या काही सेन्सरमध्ये ही खरखर इतकी कमी आहे की दोन्ही रस्ते जवळपास सारखे निघतात. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत मात्र सावलीत पट्टे उमटतात, पायजम्यासारखे. म्हणजे ज्या दाण्यांना भिऊन तुम्ही शंभरला चिकटलात, ते जास्तच मिळाले. सोवळं पाळून विटाळ घरी आणला.

मग ही भीती आली कुठून? माझा अंदाज, रोलच्या जमान्यातून. तेव्हा आयएसओ हे रोलच्या डबीवरचं माप होतं. त्याआधी अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन अशी दोन मापं चालायची. १९७४ साली त्यांची सांगड घालून आयएसओ झालं. आमच्या तालुक्याच्या स्टुडिओवाले काका अजूनही "चारशे एएसए" म्हणायचे. एकदा रोल भरला की छत्तीस फोटो त्याच मापाचे. चारशेच्या रोलमध्ये चांदीचे कण मोठे, म्हणून दाणे खरंच फिल्मचे असत. तेव्हा शंभरचा रोल म्हणजे बारीक कण, नितळ फोटो, हे बरोबर होतं. डिजिटलमध्ये एकच सेन्सर आहे, प्रत्येक फोटोला माप बदलता येतं, आणि तरी लोक रोल भरल्यासारखे शंभरला कुलूप लावून बसलेत.

आणि रोलच्या जमान्यातले खरे कामाचे लोक तरी दाण्यांना कुठं भीत होते? कोडॅकचा ट्राय-एक्स चारशेचा, पण वर्तमानपत्रवाले तो सोळाशेला ओढून वापरायचे, धुताना वेळ वाढवायचे. काम व्हायला हवं. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रेसकोर्स मैदान, संध्याकाळचे ४ वाजून ३१ मिनिटं. हिवाळ्यातला सूर्य कलंडलेला, टेबलावर वाकून नियाझी सही करतायत, शेजारी जनरल अरोरा. त्या क्षणाची छायाचित्रं आपल्या किती बराकींत, किती मेसमध्ये लावलेली आहेत. तिच्यापुढं उभा राहून एखादा माजी सैनिक "दाणे जरा जास्त आहेत" म्हणालेला मी आजवर ऐकलेला नाही.

कुणी रॉबर्ट कापाचं नाव काढेल. ६ जून १९४४ला ओमाहा किनाऱ्यावरचे त्याचे फोटो हललेले आहेत आणि तरी जगप्रसिद्ध आहेत. कबूल. तुम्ही गोळ्यांच्या पावसात कमरेएवढ्या पाण्यात उभे असाल तर तुमचाही हललेला फोटो मी सलाम करून पाहीन. पण सतरंजीवर मांडी घालून, दोन हातांवर बसलेल्या माणसाचा चेहरा हलवून आणायला कसलीही सबब नाही. मला नव्हती.

फ्लॅश का नाही मारला, असं विचाराल. मारून पाहिला होता. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो टिचभर फ्लॅश निरांजनाचा सगळा उजेड खाऊन टाकतो आणि माणूस आरटीओच्या लायसन्सवर आल्यासारखा दिसतो. शिवाय काही ठिकाणी रात्री उजेड दाखवायचाच नसतो. का, ते या वाचकांना सांगायला नको.

शंभरला स्वतःची जागा नाही असं मी म्हणत नाही. सेला खिंडीत, तेरा हजार फुटांच्या वर, दुपारी बर्फावर ऊन पडलेलं असताना शंभरच ठेवा. प्रकाशाचा नुसता पूर असतो. उलट तिथं मी माझीच फजिती करून घेतली आहे. आदल्या रात्री ३२०० ठेवलेला, सकाळी विसरलो, एफ ८वर पंचवीस फोटो काढले. शटर १/४०००पर्यंत पळून थकला, त्याच्यापुढं जाता येईना. स्क्रीनवरचा इशारा लुकलुकत होता, पण थंडीत डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पाहिलाच नाही. पंचवीस फोटो पांढरेफटक, धुतलेल्या चादरीसारखे. त्याहीवेळी चूक ३२००ची नव्हती. (बर्फात आणखी एक लक्षात ठेवा. कॅमेरा बर्फाला करडा करायला बघतो, म्हणून एक-दीड पायरी उजळ ठेवा. आणि बॅटरी छातीजवळच्या खिशात. थंडीत ती डोळ्यांदेखत उतरते.) ट्रायपॉडवरून डोंगर काढताय, परेडनंतरचा बसलेला ग्रुप फोटो उन्हात काढताय, तर शंभर, दोनशे, खुशाल. डोंगराला घाई नसते.

आयएसओ वाढवण्याची किंमतही आहे, ती लपवत नाही. उजळ भागाला वरची जागा कमी उरते. ज्योत, बल्ब, पांढरा सदरा चटकन फटफटीत होतात आणि ते मागाहून परत येत नाहीत. म्हणून गरजेपुरताच वाढवा. आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. जमलं तर ५० मिलीमीटर एफ १.८ची छोटी लेन्स घ्या. किटच्या ३.५च्या मानानं ती जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते, आणि हा खराखुरा पाऊस आहे. मग माणसाला थांबवण्याइतका शटर ठरवा. बोलणारा माणूस १/१२५, ढोलकी १/१६० ते १/२५०, लेझीम किंवा अटारीची पाय उंचावणारी संध्याकाळची परेड १/५००. मग जो आयएसओ निघेल तो निघेल. क्रम हाच. आयएसओ शेवटी ठरतो. तो आधी ठरवून बसलात तर उरलेल्या दोघांचे हात बांधलेत.

हे सगळं आरतीच्या गडबडीत सुचत नाही, मान्य. त्यासाठी ऑटो आयएसओ आहे. कॅमेऱ्याला सांगून ठेवा : किमान शटर १/१२५, आयएसओची कमाल मर्यादा ६४००. मधलं तो बघून घेतो. "ऑटो म्हणजे शिकाऊ" असं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. संत्री ड्युटीवर एकटा उभा असतो तेव्हा त्याला स्टँडिंग ऑर्डर दिलेली असते, दर मिनिटाला कुणी फोनवर विचारत नाही. तसंच हे.

राहता राहिला तो मोहरीएवढा दाणा. फोटो कुठं पाहणार आहात? भिंतीवर ८ बाय १२ इंचांची फ्रेम. उत्तम छपाईलाही साधारण साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. आजचे कॅमेरे चोवीस देतात. ते खाली आणताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि बरेच दाणे आपोआप विरतात. उरलेले हातभर अंतरावरून कुणाला दिसत नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर बोलायलाच नको. स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून कान तपासणारे फक्त आपण. गावाकडची म्हातारी आई फोटो हातात घेते तेव्हा ती आधी डोळे बघते, मग पोरगा वाळलाय का ते बघते.

त्या नाईकाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, थोडं ओरडूनच. पंधरा दिवसांनी त्याचा नवा फोटो आला. लंगरमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. बुखारीचा लाल उजेड, एक बल्ब, आयएसओ ४०००. दाणे भरपूर. पण प्रत्येक चेहरा ओळखता येत होता. डाव्या कोपऱ्यात परात उलटी धरून ती वाजवणारा एक माणूस, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

पोरानं खाली लिहिलं होतं, "साहेब, दाणे आलेत."

मी विचारलं, "परातवाला कोण आहे?"

"कुक आहे, साहेब. नांदेडचा. पुढच्या महिन्यात घरी जातोय, पेन्शनवर."

"जायच्या आधी प्रिंट काढून हातात दे त्याच्या," मी लिहिलं. "मोठा काढ."